निझव्याचं बेट

जवळ ये बघू अशी. म्हणजे तिकडे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसच्या त्या गारठलेल्या खोलीत बसून जितकं जवळ येता येईल तितकं ये, आणि तो फोन जरा पालथा ठेव. मला कळलंय सगळं. शाळेत वादविवादाला तुला विषय आलाय, लहान लहान बेटांनी मोठ्या देशाशी 'मुक्त सहचर्य' करावं का पूर्ण स्वतंत्र व्हावं, आणि तू इंटरनेट उपसत बसली आहेस. आई म्हणाली आजीला विचार, तर तुझं उत्तर काय? आजीला काय माहीत असणार, ती तर निझव्यात असते. शाब्बास. निझव्यात राहणाऱ्याला काही कळत नाही हे तुला कोणी शिकवलं गं? तुझी दुधाची बाटली याच गावात सुटली.

मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून. पण तुझ्या या विषयावर मी बोलू शकते, कारण मी त्यात राहिले आहे. तूही राहिली आहेस. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलीस तर आईला विचार.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. मालवणकडचे, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत नकाशे काढायचे. तुझे आजोबा आणि ते एका वयाचे, आजोबांच्या दुकानात वायर आणि बल्ब घ्यायला येता येता घरचेच झाले. मी त्यांना भावोजी म्हणायची, ते मला वहिनी. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. मूलबाळ नव्हतं त्यांना.

भावोजी पोस्टाची तिकिटं जमवायचे. तिकिटं जमवणारी माणसं पुष्कळ असतात, पण यांचा नियम वेगळाच. ज्या देशाचं स्वतःचं तिकीट आहे पण स्वतःचं सैन्य नाही, अशाच ठिकाणची तिकिटं ते ठेवायचे. कुक बेटं, नियुए, पलाऊ. कुणी फ्रान्सचं सुंदर तिकीट आणून दिलं तरी परत द्यायचे. म्हणायचे, "यांच्याकडे तोफा आहेत, यांना माझी काय गरज?"

त्या बेटांपायी त्यांनी नियुएच्या वेळेचं एक घड्याळ भिंतीवर लावलं होतं. नियुए म्हणजे पार प्रशांत महासागरातलं टिचभर बेट, इथे शुक्रवारची सकाळ असते तेव्हा तिथे गुरुवारची संध्याकाळ. घरात काही बिघडलं, दूध उतू गेलं, माईंच्या हातून काचेचं भांडं फुटलं, की भावोजी त्या घड्याळाकडे बघून सांगायचे, "काळजी करू नका, नियुएत अजून हे झालेलंच नाही." तुझ्या आजोबांचं दुकानातल्या गिऱ्हाइकाशी भांडण झालं तरी तेच. आजोबा वैतागायचे, पण हसायचेही.

तर या बेटांचं असं आहे, की ती पूर्वी मोठ्या देशाच्या ताब्यात होती. ताबा सुटला तेव्हा काही पूर्ण स्वतंत्र झाली, काही मोठ्या देशात विरघळली. आणि थोडी होती ती म्हणाली, आम्ही आमचं घर आमचं चालवतो, लढाई आणि बाहेरच्यांशी बोलणी तुम्ही बघा, आमच्या माणसांना तुमच्याकडे येऊ-जाऊ द्या, आणि दोघांतल्या कुणालाही नको वाटलं तर ज्याने त्याने सोडून जावं. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. भावोजींनी भाजी निवडता निवडता सांगितलं. मेथीच्या जुडीतली पानं वेगळी, काड्या वेगळ्या, आणि मधे कोवळ्या देठांचा एक ढीग. त्या मधल्या ढिगाला ते नियुए म्हणायचे. आमच्याकडे अजून म्हणतात.

घरातही त्यांचा असाच कारभार. स्वयंपाकघर माईंचं, त्यात पाऊल टाकण्यापूर्वी ते चौकटीवर बोटाने वाजवायचे. घरमालक खाली राहायचा, इथे मालकाला अर्बाब म्हणतात, चांगला म्हातारा होता. त्याच्याशी बोलायचं काम भावोजींचं. नळ गळत असला तरी माई खाली जाऊन सांगायच्या नाहीत, म्हणायच्या, "परराष्ट्र खातं झोपलंय, उठलं की सांगते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दोघांनाही ऊन लागलंय.

आता गणपतीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरून झालं. माई मूर्ती स्वतः करायच्या. जवळच बहला गाव, तिथल्या कुंभारांची माती नावाजलेली. दर वर्षी भावोजी गाडीतून माती आणायचे, माई ती भिजवून, मळून, आमच्याच जिन्याखाली बसून मूर्ती घडवायच्या. वीतभर उंचीची, रंग नाही, नुसते डोळे काढलेले. घरातल्या घरात, हळू आवाजात आरती. विसर्जन गच्चीवर टबात, आणि मग ते गढूळ पाणी अर्बाबच्या खजुराच्या झाडाला. त्याला ठाऊक होतं. तो त्या दिवशी खजुरांची परडी वर पाठवायचा. माई त्याच खजुरांचं सारण करून मोदक वळायच्या. निझवा, बहला, रुस्ताकपर्यंतची मराठी माणसं यायची. आयटीआय झालेली कोकणातली पोरं, दोन नर्सा, शाळेतले एक शिक्षक, तुझे आईबाबा. तू तेव्हा आईच्या कडेवर.

दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराची गोष्ट. मस्कतच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी एका शुक्रवारी गाडी घेऊन आले. पुण्याचे, बँकेत मोठ्या जागेवर, इस्त्रीचा शर्ट. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि वाईट मनानेही नव्हतं. सगळ्यांचं एकच मंडळ करू, एकच गणपती, मस्कतला. तुमच्यासाठी बस पाठवतो. मुंबईहून कलाकार येतात, ते तुम्हालाही बघायला मिळतील. वेगळी चूल कशाला?

भावोजींनी त्यांना चहा दिला, मोदक दिले, आणि मग अल्बम उघडला. मी आतून ऐकत होते. सेक्रेटरी भावोजींना काका म्हणायचे, त्या बिचाऱ्यांना वाटलं आता काका होय म्हणतील आणि आपण ऊन चढायच्या आत निघू. काका कुक बेटांवर गेले, तिथून पलाऊला, तिथून नियुएला. अर्ध्या तासाने सेक्रेटरी मोदक फोडून बघत म्हणाले, "काका, यात गूळ नाही?"

"हा अंतर्गत मामला आहे," भावोजी म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबला. मग मात्र ते नीट बोलले. गणपती आमचा आमच्याकडे, मोदकात काय घालायचं ते आम्ही ठरवणार. तुमच्या कार्यक्रमाला आम्ही येऊ, आमच्याकडे तुम्ही या. पण कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली, कुणाचा पासपोर्ट अडकला, वकिलातीत जायची वेळ आली, तर आम्हाला तिथलं काही कळत नाही, ते तुम्ही बघायचं. आणि ज्याला ज्या दिवशी हे नकोसं होईल त्याने त्या दिवशी सांगून मोकळं व्हावं.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे काका, तुम्ही आमचे का वेगळे?"

"आमचे आम्ही. आणि तुमच्याबरोबर."

तो माणूस हुशार होता. उठताना त्याने एकच सांगितलं, "एवढं लक्षात ठेवा, दार उघडं ठेवलंत तर तुमची माणसं एकेक करून आमच्याकडे येतील. आमच्याकडची कोणी इकडे यायची नाहीत." भावोजी नुसते हसले. तो गेल्यावर नियुएच्या तिकिटांचं पान बराच वेळ उघडं ठेवून बसले. मला म्हणाले, नियुएच्या माणसांना न्यूझीलंडला जायला कुणी अडवत नाही, त्यामुळे बेटावर राहतात त्याच्या कितीतरी पट माणसं आता तिकडेच असतात. म्हटलं, मग बेटाचं काय? म्हणाले, "आहे की. तिकिटं काढतंय."

करार कामाला आला बरं का. रुस्ताककडे काम करणारा आमच्यातला एक सुतार परांचीवरून पडला, कंबर मोडली. मस्कतची मंडळी आळीपाळीने त्याच्या उशाशी बसली, वकिलातीत फेऱ्या मारल्या, त्याला विमानात झोपवून घरी पाठवेपर्यंत हलली नाहीत. सेक्रेटरी स्वतः विमानतळावर होते. तेव्हापासून भावोजी त्यांचं नाव निघालं की मान झुकवायचे.

आणि सेक्रेटरींचं म्हणणंही खरं होत गेलं. शिक्षकांची बदली झाली. एका नर्सचं लग्न झालं, दुसरीला मस्कतला चांगली नोकरी लागली. पोरांचे व्हिसा संपले. आरतीला टाळ्या कमी ऐकू यायला लागल्या. मग आली तुझी पाळी.

तू पाच वर्षांची झालीस तरी बोलत नव्हतीस, हे आईने तुला सांगितलंय की नाही कोण जाणे. कान चांगले, समजायचं सगळं, पण शब्द यायचा नाही. तुझे आईबाबा दर आठवड्याला तुला मस्कतला घेऊन जायचे, तिथे एक बाई होत्या बोलायला शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, आठवड्यातून एकदा पुरणार नाही, रोज आणा. त्याच वेळी तुझ्या बाबाला मस्कतच्या विमा कंपनीतून बोलावणं आलं. देवाने दोन्ही गोष्टी एकदम दिल्या, पण तुझे आईबाबा काही हलेनात. मला टाकून कसं जायचं, गणपतीला आता राहिलंच कोण, माईंना काय वाटेल. आणि मी तरी कुठे म्हणत होते जा म्हणून? मला वाटायचं, बोलेल पोर, घाई काय आहे, तिचा सख्खा काका, माझा दुसरा मुलगा, तर सहा वर्षांचा होईपर्यंत मुका होता.

भावोजींना हे कळलं आणि ते एका संध्याकाळी खाली आले. हातात वाटी, एका खिशात फुटाणे, एका खिशात खजूर. म्हणाले, मतदान घ्यायचं. ज्यांचा प्रश्न त्यांनीच ठरवायचं, अशीच पद्धत आहे. तुझ्या बाबाच्या, आईच्या आणि तुझ्या हातात एकेक फुटाणा आणि एकेक खजूर ठेवला. जायचं असेल तर फुटाणा वाटीत, राहायचं असेल तर खजूर. वाटीवर रुमाल.

मी म्हटलं, आणि माझं? म्हणाले, "वहिनी, तुम्ही मोठा देश. मोठ्या देशाला मत नसतं."

अस्सा राग आला मला. माझा मुलगा, माझी नात, माझं घर, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस येऊन माझं मत काढून घेतो. आजोबा म्हणाले, मलाही नाही, बस गप. भावोजींनी स्वतःलाही मत ठेवलं नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कुणी काय टाकलं ते दिसू नये म्हणून.

तू दोन्ही खाल्लेस. आधी खजूर, मग फुटाणा. बी थुंकलीस ती वाटीत. भावोजींनी वळून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे जाहीर केलं की एक मत बाद. सगळे हसलो, मीसुद्धा. मग रुमाल काढला. वाटीत दोन फुटाणे आणि तुझी बी. तुझी आई रडायला लागली.

मनातलं बोलायचं झालं की भावोजी मालवणी बोलायचे. एरवी पुस्तकी. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, जाणाऱ्याक अडवूचा नाय. येणाऱ्याक इचारूचा नाय."

मी त्यांच्याशी पुढे बरेच दिवस बोलले नाही. भाजीसुद्धा एकटीने निवडली. मग तुझ्या आईचा फोन आला, की तू त्या बाईंना "पाणी" म्हणालीस. मी फोन ठेवला आणि जिना चढून वर गेले. भावोजी दारातच होते. मी नुसतं सांगितलं, "पाणी म्हणाली." ते आत गेले आणि चौकटीवर न वाजवता सरळ माईंच्या स्वयंपाकघरात शिरले. माईंनी विचारलंसुद्धा नाही, का आलात.

त्या वर्षीचा गणपती आला. शुक्रवार होता. माईंनी सकाळीच मोदक वळले, आणि भावोजींनी ताटं मांडली. जे जे कधी निझव्याला आले होते आणि आता मस्कतला होते, त्या सगळ्यांची. तुझंही, छोटं, कडेला बदकं असलेलं. मी म्हटलं, भावोजी, फोन केलात का सगळ्यांना? नाही म्हणाले. मग त्यांना कळणार कसं?

"माहीत आहे की त्यांना. दर वर्षी असतो."

"तसं नसतं हो. एक फोन करा. निदान माझ्या पोराला करा, तो तरी येईल."

म्हणाले, नको, आपण बोलावलं की त्याचा हुकूम होतो, मग येणारा मोकळेपणाने आला की भिडेने, ते कळत नाही. मोठ्या देशाने जे कधी करू नये तेच लहान बेटानेही करू नये. मी पुन्हा सांगायला गेले, तर आजोबांनी मान हलवून मला गप्प केलं.

दुपार झाली. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथून मस्कतचा मोठा रस्ता दिसतो, तुला माहीत आहे. गाड्या वळताना दिसतात. आरतीला आम्ही चौघंच, आणि अर्बाबची खजुरांची परडी. भावोजींनी आरती नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली, मग सावकाश एकेक ताट उचलून रॅकमध्ये ठेवलं. तुझं बदकांचं ताट शेवटी.

दुसऱ्या दिवशी ते उठले ते डबे शोधत. उरलेले मोदक पुन्हा वाफवून, दोन मोठे स्टीलचे डबे भरले आणि मस्कतच्या बसवर नेऊन एका ओळखीच्या माणसाकडे दिले. आजोबा म्हणाले, अहो, त्यांच्याकडे तिकडे हलवाई आहेत, केळीच्या पानावर जेवणं झाली असतील. भावोजी म्हणाले, "असू दे. मदत काय दर वेळी मोठ्याकडूनच यायला पाहिजे?"

त्यातले मोदक तू खाल्लेस. तुझ्या आईने मला संध्याकाळी फोन केला. रडत होती. म्हणाली, आई, काकांनी बोलावलं नाही म्हणून आम्ही आलो नाही. आम्ही सोडून गेलो याचा त्यांना राग आला असेल, आता कुठल्या तोंडाने जायचं, असं वाटलं. तयार होऊन बसले होते म्हणे सगळे, तुला परकर-पोलका घालून. फोन वाजेल म्हणून.

बघ, पोरी. ते इथे रस्त्याकडे बघत उभे, आणि तुम्ही तिथे फोनकडे बघत बसलेले. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. मी वर जाऊन भावोजींना हे सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील नियुएत अजून झालेलं नाही. पण तसं म्हणाले नाहीत. माई आतून म्हणाल्या, "आता तरी लावा फोन." त्यांनी लावला. तुझ्या बाबाला विचारलं, मोदक पोचले का, गोड झाले होते का, पोर काय काय बोलते. पण या, असं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आपणहून आलात, तो सगळा प्रताप माझ्या फोनांचा होता.

पुढे तेलाचे भाव पडले, त्यांची जागा इथल्या मुलाला द्यायची ठरली, आणि दोघं गावी गेली. माझ्या हाती टब आणि बहलाच्या कुंभाराचा फोन नंबर देऊन गेली. माझ्या हातची मूर्ती माईंसारखी होत नाही, सोंड जाड येते. आजोबा म्हणतात, नियुएचा गणपती असाच असेल.

भावोजींचा फोन अजून येतो, दर रविवारी. एप्रिलमध्ये म्हणतात, "वहिनी, आंबे तयार झालेत." एवढं म्हणून थांबतात. मग मी विचारते, कसे आहेत, हापूस का, यंदा मोहोर टिकला का. सगळं सांगतात. आणि पुन्हा थांबतात. आजोबा शेजारून मला खुणावतात, की ते बोलावताहेत. मला कळतंच की. येत्या वर्षी मे महिन्यात आम्ही जाणार आहोत त्यांच्याकडे, त्यांनी न बोलावता.

तर तुझ्या वादविवादात काय सांगायचं ते तू ठरव. ती पद्धत चांगली आहे, मी तिच्यात राहून बघितलंय. पण उभं राहून बोलशील तेव्हा एवढं सांग, की दार उघडं आहे हे घरच्याला माहीत असतं, बाहेरच्याला ते दिसेलच असं नाही. त्याला सांगावं लागतं. हे भावोजींना येत नव्हतं, आणि त्यांच्याइतका चांगला माणूस मी बघितलेला नाही.

मला नुसतं आंबे झालेत म्हणून थांबता येत नाही. मी साधी बाई, मी सरळ बोलावते. गणपतीची माती परवा आणली आहे, भिजत घालायची राहिलीय, माझ्या हाताच्या सांध्यात आता ती मळायचा जोर नाही. स्पर्धा झाली की बाबाला सांग गाडी काढ. हरलीस तरी ये, जिंकलीस तर त्याच दिवशी ये. लवकर ये.